वारुसारीच्या देवळाची उत्तरेची खिडकी

कांग पोनिरिनने उभ्या आयुष्यात वरच्या माणसाला एकदाच 'नाही' म्हटलं, आणि तेव्हा दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. म्हणून ही हकिगत मीच सांगायला हवी. गावात दुसऱ्या कुणाला विचाराल तर तो तुम्हाला आधी चहा पाजेल, मग देवळाला उत्तरेकडे कशी सुरेख खिडकी आहे ते सांगेल. खिडकी नाही. मी तिथली भिंत स्वतःच्या खांद्यावर वाहिली आहे, मला माहीत आहे.

आमचं वारुसारी मेरापी डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या आणि तंबाखूच्या शेतांत. गावाबाहेर देऊळ होतं, म्हणजे एके काळी होतं. हजार वर्षांमागे कधी तरी डोंगराने अंग झटकलं आणि ते बसलं. मूर्ती कुणी नेली ते ठाऊक नाही. दगड मात्र गावभर झाले. कुणाच्या विहिरीला, कुणाच्या उंबऱ्याला, कुणाच्या बदकांच्या खुराड्याला. मग शहरातल्या जुन्या वास्तूंच्या कचेरीने ते पुन्हा उभं करायचं ठरवलं आणि गावातली धट्टीकट्टी माणसं कामाला घेतली. त्यांत मी, तुगीर, उचलायला. आणि कांग पोनिरिन जुळवायला. कांग म्हणजे दादा. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि साठ वर्षांनी शांत.

जुळवणं म्हणजे कोणता दगड कोणत्या दगडावर बसत होता ते शोधणं. हजारो दगड माळावर पडलेले, सगळे काळे, सगळे चौकोनी, सगळे आपल्या मते राजघराण्यातले. कांग डोळे मिटायचा, दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मग उठून पाऊण मैल चालत जायचा आणि तिथल्या एका दगडावर हात ठेवून म्हणायचा, "गीर, हिचं स्थळ मिळालं." आम्ही कुरकुरत तो दगड वाहून आणायचो आणि तो खटकन बसायचा. तीस वर्षांत त्याने लावलेली जोडी मोडलेली मी पाहिली नाही. स्वतःच्या मुलीचं लग्न मात्र त्याने जुळवलेलं टिकलं नाही, पण माणसांच्या कडा झिजतात, त्याला तो काय करणार.

उत्तरेच्या भिंतीत सातव्या थरातले तीन दगड त्याला अकरा वर्षं सापडत नव्हते. पहिला निघाला रस्त्यावरच्या सूपवाल्याकडे, गिऱ्हाईक त्यावर बसून जेवायचं. दुसरा विधवा मार्तिनाहच्या विहिरीवर, कपडे आपटायला. तो मागायचा कसा, या लाजेत कांगची दोन वर्षं गेली. रोज तिच्या कुंपणापाशी उभा राहून हवापाण्याचं बोलायचा. गावात भलतीच कुजबुज सुरू झाली, तेव्हा यू कासियेम, त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, कमरेला पदर खोचून गेली आणि म्हणाली, "मार्तिनाह, याला तू नकोस, तुझा दगड हवाय. देऊन टाक, बाई, आम्हाला झोप येऊ दे." तिसरा फुटबॉलच्या मैदानावर गोलाचा खांब म्हणून उभा होता. तीन दगड आले, बसवून पाहिले, बसले. त्या दिवशी कांग माळावर आडवा पडून आभाळाकडे बघत रडला. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

आमच्या कामाचा एक कायदा होता, दगडाहून कठीण. मूळ दगड सापडला तर तो मूळ जागी गेलाच पाहिजे. पण त्याआधी लहान आकारात अख्खं देऊळ करून दाखवायचं, कचेरीने ते मान्य करायचं, त्यावरून नकाशा निघायचा, आणि मग नकाशाप्रमाणे खरं देऊळ. तो लहान नमुना कांगने केला. फणसाचं लाकूड, प्रत्येक दगडाला एक ठोकळा, एकास दहा या मापाने. दोन वर्षं लागली. ठोकळे आतूनही बसवायचे होते, म्हणून हात घालायला त्याने उत्तरेच्या भिंतीत तीन ठोकळे शेवटपर्यंत बसवले नव्हते. तेच तीन. ते त्याने खिशात ठेवले होते, सर्वांत शेवटी बसवायला, हौसेने.

बसवायच्या आदल्या दिवशीच कचेरीचे संचालक पाक प्रातिक्तो अचानक आले. पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव'. चांगला माणूस, शहरी, सोनेरी चष्मा, बोलणं असं की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. सोबत दहाबारा जण, हातांत वह्या. संचालक नमुन्याभोवती फिरले, वाकले, आणि भोकापाशी थांबले.

"पाक पोनिरिन, ही उत्तरेची खिडकी, नाही का?"

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. तुम्हाला आमच्याकडची रीत ठाऊक नाही. मोठ्या माणसाला चारचौघांत 'नाही' म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याची लुंगी सोडणं. आमच्याकडे असल्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते आईच्या दुधाबरोबर येतं.

"होय पाक," कांग म्हणाला.

"फार सुंदर."

"होय पाक."

दहाबारा वह्यांत खिडकी लिहिली गेली. कांगचा हात खिशात होता. आत तीन ठोकळे होते. मी ते चुळबुळताना ऐकले.

पुढे ते प्रकरण हाताबाहेर गेलं. नमुना शहरात गेला, तिथून जकार्ताला गेला. तिथल्या सर्वांत मोठ्या साहेबांना नेमकी खिडकीच आवडली. त्यांनी नमुना स्वतःच्या दालनात ठेवून घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खिडकी दाखवू लागले. मग एक विद्वान आले, डॉक्टर सुबागियो. त्यांनी खिडकीवर चौदा पानं लिहिली. वर्षातून एका पौर्णिमेला त्या खिडकीतून चांदणं आत येऊन मूर्तीच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडत असे, असं त्यांनी सिद्ध केलं. मूर्ती कुणी पाहिलेली नव्हती, अंगठा तर लांबच. मी त्यांना विचारलं, "पाक, उत्तरेला खुर्ची टाकून बसलात कधी पौर्णिमेला?" ते हसले आणि वहीत लिहून घेतलं की स्थानिक लोकही या गोष्टीला दुजोरा देतात.

नकाशा मंजूर होऊन आला. त्यात खिडकी. आणि खाली एक ओळ, की उत्तरेच्या भिंतीचे तीन दगड जादा ठरल्यामुळे गोदामामागे ठेवावेत.

गोदामामागे काय होतं ते आम्हाला माहीत होतं. तिथे जादा दगड रचतात आणि वर्षाच्या आत ते कुणाच्या तरी गोठ्याच्या पायात जातात. एकदा गेला की गेला, अकरा वर्षं काय, अकरा जन्म शोधा. कचेरीच्या माणसाने तिन्ही दगडांवर लाल रंगाने 'जादा' लिहिलं. कांग त्या दिवशी जेवला नाही.

"अहो, जाऊन सांगा ना त्या भल्या माणसाला," यू कासियेम म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"वेळ बघून."

सातवा थर यायला सहा महिने होते. त्या सहा महिन्यांत कांगने सांगायचे जे प्रयत्न केले ते आमच्या रीतीत बसणारे होते, म्हणजे कुणालाही न कळणारे.

पहिल्यांदा आम्ही केळ्यांचा घड घेऊन संचालकांच्या घरी गेलो. दोन तास बसलो. पावसाचं बोलणं झालं, उंदरांचं झालं, त्यांच्या सासऱ्यांच्या गुडघ्यांचं झालं. उठताना कांगने घसा साफ केला आणि म्हणाला, "पाक, माझ्या घराच्या भिंतीला एक भोक होतं. फार दिवस वाटायचं असू दे, असू दे. पण बुजवलं आणि घर कसं पुरं वाटायला लागलं." संचालकांनी मान डोलावली. आठवड्याने त्यांच्याकडून आमच्या गावात सिमेंटची दोन पोती आली, 'पाक पोनिरिन यांच्या घराच्या डागडुजीसाठी'. आता हा माणूस अजूनच उपकाराखाली गेला. ती पोती त्याने फोडलीसुद्धा नाहीत, त्यांवर ताडपत्री घालून त्यांना सलाम केल्यासारखा वाकून जायचा.

दुसऱ्यांदा माझ्याकरवी. मी जाऊन कचेरीच्या कारकुनाला म्हणालो, "कांगला रात्री स्वप्नं पडतात, देऊळ सर्दीने शिंकतंय." कारकून घाबरला. देवळाला शांती हवी, असं वरपर्यंत गेलं, आणि सातव्या थराआधी मोठं गावजेवण घालायचा हुकूम आला.

तेव्हा यू कासियेमने पदर खोचला. "तुमच्याने होत नाही ना? बघा आता."

गावजेवणात पिवळ्या भाताचा उंच शंकू करायचा असतो. तिने तो केला, कमरेएवढा, आणि त्याच्या कुशीत बरोबर मापाचं भोक ठेवलं. मग जेवणाआधी, संचालकांसमोर, सगळ्या गावासमोर, तिने तीन उकडलेली अंडी घेतली आणि एकेक करून त्या भोकात बसवली. भोक बुजलं. तिने हात झटकले, संचालकांकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली, "आता बघा, पाक, कसा पुरा दिसतो."

भिंतीवरच्या पालीलाही कळलं असतं. संचालकांनी चष्मा नाकावर सारून भात नीट पाहिला. कांगचा जीव टांगणीला. माझाही.

"किती कल्पक!" संचालक म्हणाले. "खिडकीचा भात!"

दहाबारा वह्यांत खिडकीचा भात लिहिला गेला. डॉक्टर सुबागियोंनी फोटो काढला. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या तीन गावांत लग्नाला खिडकीचा भात झाला. गावजेवणाच्या रात्री घरी चहा ओतताना यू कासियेम म्हणाली, "तुम्ही पुरुष मूर्ख असता हे माहीत होतं. चष्मा लावून एवढे मूर्ख होता, हे नव्हतं माहीत."

सातवा थर आला. दुपारची वेळ, ऊन डोक्यावर. पाक प्रातिक्तो छत्रीखाली उभे. आम्ही दोरीने शेजारचा दगड वर चढवत होतो, तो बसला की पुढे रिकामी जागा, खिडकीची. कचेरीच्या माणसाने खूण केली आणि दोघं जण त्या तीन लाल दगडांना हातगाडीवर चढवू लागले, गोदामामागे न्यायला. विधवा मार्तिनाहचा दगड गाडीवर चढला. मधला तो.

"मग, पाक पोनिरिन," संचालक म्हणाले, "हे जाऊ देत ना?"

"नाही, पाक."

मी दोरी सोडली. खरं सांगतो, हात आपोआप उघडले. नशीब, पलीकडे चौघांनी धरली होती. छत्री धरणाऱ्याने छत्री खाली केली, संचालकांच्या डोक्यावर ऊन आलं. कोंबडासुद्धा आरवायचा थांबला. मुळात हे आपल्याला जमेल असं कांगलाही वाटलेलं नव्हतं, आता शब्द बाहेर पडला होता आणि तो परत गिळता येत नव्हता.

"नाही, पाक," तो दुसऱ्यांदा म्हणाला, एकदा बोललोच आहोत तर, अशा आवाजात. "तिथे खिडकी नाही. कधीच नव्हती. ते माझ्या हाताचं भोक होतं. हे तीन दगड तिथले आहेत. अकरा वर्षं शोधलेत मी. मी खोटं बोललो. मला कामावरून काढा, पण यांना घालवू नका."

आणि तो उकिडवा बसला, डोकं गुडघ्यांत घालून.

पाक प्रातिक्तोंनी सगळ्यांना चहाला पाठवलं. मला पाठवलं नाही, कारण सुटलेल्या दोरीत माझे पाय अडकले होते. ते कांगच्या शेजारी मातीत बसले, पांढऱ्याशुभ्र विजारीनिशी.

"पाक पोनिरिन," ते म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

कांगने मान वर केली.

"मी त्या भोकात बोट घातलं होतं. आत तुमची अर्धी लवंगी सिगरेट होती. देवळाच्या खिडकीत कुणी सिगरेट विझवत नाही. मी मुद्दाम विचारलं, म्हणजे तुम्ही सांगाल की खिडकी नव्हे. तुम्ही होय म्हणालात. आता तुमच्या वयाच्या माणसाला मी चारचौघांत खोटं कसं पाडू?"

"आणि भात?" मी दोरीतून विचारलं.

"भात तर पहिल्या अंड्यालाच कळला. पण दहा लोक बघत होते रे बाबा."

"मग जकार्ताच्या साहेबांना?"

संचालकांनी चष्मा काढून पुसला. तिथे तर कुणीच सांगितलं नव्हतं. साहेबांनी खिडकी एका मंत्र्याला दाखवली होती, मंत्र्यांनी दोन राजदूतांना. मी मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या देशात एकही माणूस बोट दाखवून भोक म्हणायला नसावा? मला राग आला. आमच्या सगळ्यांचाच राग आला, माझ्यासकट, कारण मी तरी कुठे बोललो होतो.

त्या दोघांनी मिळून साहेबांना पत्र लिहायला घेतलं. सुरुवात प्रकृतीच्या चौकशीने. मग क्षमा. मग आपण किती लहान ते. चार पानं झाली, आणि मुद्द्यावर यायचं तेवढ्यात पत्र आपोआप उद्घाटनाच्या आमंत्रणावर येऊन संपलं. दोघांनी ते तीनदा वाचलं. "छान झालंय," संचालक उदास होऊन म्हणाले, आणि पाठवलं.

मग संचालक उठले, विजार झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला उद्यापासून ताप येणार आहे. चार दिवस. इथे काय होतं ते मला दिसणार नाही."

आम्ही तिन्ही दगडांवरचा लाल रंग वाळूने घासून काढला. तिसऱ्या दिवशी कांगने ते बसवले. मधला शेवटी. तो आत सरकला तेव्हा एक बारीक आवाज आला, जसा जेवण झालेल्या माणसाच्या पोटातून येतो. भिंत पुरी झाली. मग मात्र आम्हाला उद्घाटनाची धास्ती लागली. साहेब काय म्हणतील? पाडा म्हणाले तर? कचेरीने मान्य केलेल्या नकाशाविरुद्ध बांधलेली भिंत, हुकूम सुटायला किती वेळ लागतो. कांग त्या पंधरवड्यात भिंतीपाशीच घुटमळायचा. संध्याकाळच्या नमाजालाही तो तिथून सरळ जायचा आणि तिथेच परत यायचा.

उद्घाटनाला साहेब आले. जाडजूड, धापा टाकणारे, कडक शिवलेला बाटिकचा शर्ट, हातात नमुन्याचा रंगीत फोटो. भाषणं झाली, सगळ्यांत खिडकी होती. फीत कापली. मग साहेब म्हणाले, "चला, जिच्यासाठी आलो ती दाखवा," आणि वळसा घालून उत्तरेकडे आले. मागे सगळं गाव, तालुक्याचे अधिकारी, डॉक्टर सुबागियो आपली चौदा पानं घेऊन, आणि तापातून उठलेले पाक प्रातिक्तो, खरोखरीच ताप आल्यासारखे.

साहेब भिंतीसमोर थांबले.

समोर दगड. खालून वरपर्यंत दगड. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मग हळूच मागे वळून आमचे चेहरे पाहिले. तीनशे चेहरे, सगळे नम्र, सगळे हसरे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. आता 'खिडकी नाही' म्हणायचं तर एवढ्या लोकांना, मंत्र्याला, दोन राजदूतांना चारचौघांत खोटं पाडायचं. तेही आमच्याच मातीतले, त्यांना तेच दूध पाजलेलं. त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला.

त्यांनी गळ्याचं बटण सोडलं, डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"वा," साहेब म्हणाले. "काय वारा येतोय."

"होय पाक!" तीनशे माणसं एकदम म्हणाली. तालुक्याच्या अधिकाऱ्याने टोपी घट्ट धरली. डॉक्टर सुबागियोंनी पानं उडू नयेत म्हणून छातीशी दाबली. मार्तिनाहने डोक्यावरचा पदर सावरला. साहेबांनी तिथेच खुर्ची मागवली, भिंतीपासून हातभर अंतरावर टाकायला लावली, आणि त्या रणरणत्या उन्हात निथळत बसून राहिले. हुकूम सुटला नाही. सुटणार नव्हता, हे आता सगळ्यांना कळलं होतं. जोवर खिडकी आहे, तोवर त्या भिंतीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

कांग पोनिरिन कोपऱ्याशी उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. लपवायचंही त्याला सुचलं नाही. साहेबांचं लक्ष गेलं. त्यांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून पुढे केला.

"घ्या, बाबा. खिडकीतून धूळ आली वाटतं डोळ्यांत."

कांगने दोन्ही हातांनी रुमाल घेतला. डोळे पुसले. मग एक तळहात मागे नेऊन मधल्या दगडावर टेकवला.

"होय पाक," तो म्हणाला. "मोठीच आहे खिडकी."